विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय डाऊन? बीडमधील गावे आणि तालुके जोडणाऱ्या नेटवर्कचे गणित

जुलैचा शेवटचा आठवडा आला की बीड जिल्ह्यातील सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. खरीप पीकविम्याचा अर्ज साधारणपणे ३१ जुलैच्या आत भरायचा असतो. सातबारा, आधार, बँक पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र असे सगळे कागद हातात असतात आणि केंद्राच्या काचेवर चिठ्ठी चिकटवलेली असते : सर्व्हर डाऊन. रेशन दुकानात ‘अंगठा लागत नाही’, बँकेच्या शाखेत ‘लिंक नाही’, ग्रामपंचायतीत ‘नेट नाही’. शब्द वेगळे असले तरी कपाळाला हात लावून माघारी फिरणे तेच.

पीकविम्यात ‘बीड पॅटर्न’ देशाला माहीत करून देणाऱ्या या जिल्ह्यात अर्जाची मुदत चुकणे म्हणजे हंगामभराचे संरक्षण हुकणे. पण दरवेळी सर्व्हरच बंद पडलेला असतो का? अनेकदा दूरच्या शहरातील सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. बंद पडलेली असते ती तिथपर्यंत जाणारी वाट. आणि ती वाट किती वेगवान आहे यापेक्षा ती एकच आहे की तिला दुसरा पर्याय आहे, यावर रांगेचे भवितव्य ठरते.

अंगठा लावल्यानंतर माहिती जाते कुठे?

समजा, पाटोदा तालुक्यातील एखाद्या गावात लाभार्थ्याने यंत्रावर अंगठा ठेवला. ठशाची माहिती कुलूपबंद स्वरूपात आधी गावातल्या फायबर जोडणीवर किंवा मोबाइल टॉवरवर जाते. तिथून तालुक्याच्या ठिकाणी, पुढे जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी आणि मग मोठ्या शहरातील केंद्रात पोहोचते. आधारची पडताळणी करणाऱ्या प्राधिकरणाची डेटा सेंटर बंगळूरु आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. म्हणजे अंगठा पाटोद्यात, तपासणी शेकडो किलोमीटर दूर आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर पुन्हा त्याच मार्गाने गावात.

अंतर ही यातली अडचण नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. बीड ते मुंबई ४०० किलोमीटर धरले तरी तेवढ्या अंतराला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. अडचण असते ती मधल्या टप्प्यांची. साखळीतील एक कडी तुटली की बाकीच्या कड्या शाबूत असूनही उपयोग नसतो.

वॅन म्हणजे काय?

तहसील कार्यालयातील दहा संगणक आणि एक प्रिंटर एकमेकांना जोडले की ते झाले लोकल एरिया नेटवर्क, म्हणजे लॅन. एका इमारतीपुरते. ती तार कार्यालयाची स्वतःची असते. बिघाड झाला तर शिडी लावून दुरुस्त करता येतो.

गेवराईचे तहसील, अंबाजोगाईचे उपविभागीय कार्यालय आणि बीडचे जिल्हाधिकारी कार्यालय जोडायचे असेल तर मध्ये रस्ते, शेते, नद्या आणि बालाघाटाचे डोंगर येतात. एवढ्या अंतरावर प्रत्येकाला स्वतःची तार टाकणे परवडत नाही. दूरसंचार कंपनीची तार, टॉवर किंवा उपग्रह भाड्याने घ्यावा लागतो. अशा दूरदूरच्या ठिकाणांना जोडणाऱ्या जाळ्याला वाइड एरिया नेटवर्क, म्हणजे वॅन म्हणतात. बँकांच्या शाखा, एसटीचे आरक्षण, रुग्णालये, न्यायालये, साखर कारखान्यांची गट कार्यालये हे सगळे कोणत्या ना कोणत्या वॅनवर चालते.

वॅनचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, माहिती कशावरून जाते : फायबर, रेडिओ लहरी की उपग्रह. हे झाले तंत्रज्ञान. दुसरा, ठिकाणे एकमेकांना कोणत्या आकारात जोडली आहेत. याला टोपोलॉजी, म्हणजे जाळ्याची रचना म्हणतात. जाहिराती पहिल्याबद्दल बोलतात. रांगेतल्या माणसाला त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे.

जिल्ह्यापर्यंत सरकारी नेटवर्क कसे आले?

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८०च्या दशकात ‘निकनेट’ उभारले. जिल्हाधिकारी कार्यालयांच्या आवारात उपग्रहाच्या छोट्या तबकड्या बसल्या आणि जिल्हे दिल्लीशी जोडले गेले. फायबर गावोगाव पोहोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. या उपग्रहांची उंची सुमारे ३६ हजार किलोमीटर. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायचे. त्यामुळे एका फेरीला जवळपास अर्धा सेकंद लागतो. अहवाल पाठवायला ते पुरेसे होते. एका पानासाठी वीस फेऱ्या मारणाऱ्या आजच्या संकेतस्थळांना ते जड जाते.

पुढचा टप्पा स्टेट वाइड एरिया नेटवर्कचा, म्हणजे ‘स्वान’चा. केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये ३,३३४ कोटी रुपयांची ही योजना मंजूर केली. राज्याची राजधानी, तिच्याखाली जिल्हे आणि जिल्ह्यांखाली तालुके अशी उतरंड त्यात होती. प्रत्येक जोडणीला किमान २ एमबीपीएस वेग ठरला. त्या काळात तो मोठा होता. आजच्या हिशेबात २ एमबी आकाराचा एक स्कॅन केलेला कागद अशा जोडणीवरून जायला किमान आठ सेकंद लागतात, तेही त्या वेळी दुसरे कोणी लाइन वापरत नसेल तर.

तालुक्याच्या खाली गाव राहिले होते. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा हा प्रकल्प पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले. ‘महाआयटी’मार्फत राबवलेला हा प्रकल्प ‘महानेट’ म्हणून परिचित आहे.

अकरा तालुके कसे जोडायचे?

बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत : बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी, अंबाजोगाई, केज, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १० हजार चौरस किलोमीटरहून अधिक. ही अकरा ठिकाणे कागदावर जोडून पाहिली की टोपोलॉजीचे सगळे गणित उलगडते. पुढील मांडणी समजण्यासाठीचे उदाहरण आहे, प्रत्यक्ष केबलचा नकाशा नव्हे.

पहिली पद्धत ताऱ्याची, म्हणजे स्टार. बीड मध्यभागी आणि तिथून प्रत्येक तालुक्याला एक स्वतंत्र जोडणी. एकूण जोडण्या १०. रचना सोपी, देखरेख सोपी, हिशेब सोपा. पण जिल्ह्यातील प्रत्येक एसटी बीडच्या बसस्थानकावरूनच गेली पाहिजे असा नियम केला तर काय होईल? अंबाजोगाईच्या प्रवाशाला शेजारच्या परळीला जायलाही आधी बीड गाठावे लागेल. स्टार नेटवर्कमध्ये माहितीचे हेच होते. अंबाजोगाईची तार तुटली तर अंबाजोगाई बंद. बीडचे केंद्र बंद पडले तर सगळेच तालुके बंद.

दुसरी पद्धत वलयाची, म्हणजे रिंग. बीडहून गेवराई, तिथून माजलगाव, वडवणी, धारूर, परळी, अंबाजोगाई, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार आणि पुन्हा बीड. एकूण जोडण्या ११. ताऱ्यापेक्षा फक्त एक जास्त. पण आता प्रत्येक तालुक्याला दोन बाजू मिळाल्या. केज आणि पाटोद्याच्या मध्ये तार तुटली तर केजची माहिती अंबाजोगाईमार्गे उलटी फिरून बीडला पोहोचते. वाट बदलण्याचे काम उपकरणे स्वतः करतात. दूरसंचार क्षेत्रात रिंगसाठी वापरले जाणारे प्रचलित निकष ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात मार्ग बदलण्याचे आहेत. रांगेतल्या माणसाला काही घडल्याचे कळतही नाही.

तिसरी पद्धत जाळीची, म्हणजे फुल मेश. प्रत्येक तालुका दुसऱ्या प्रत्येक तालुक्याला थेट जोडलेला. अकरा ठिकाणांसाठी जोडण्या होतात ५५. सर्वांत भक्कम आणि सर्वांत महाग. म्हणून प्रत्यक्षात मध्यम मार्ग निघतो. महत्त्वाच्या दोन-तीन केंद्रांना एकमेकांशी दाट जोडायचे आणि बाकीची ठिकाणे रिंगमध्ये घ्यायची. त्याला पार्शल मेश म्हणतात.

९९ टक्के म्हणजे चांगले ना?

निविदांमध्ये आणि करारांमध्ये एक शब्द हमखास असतो : अपटाइम, म्हणजे सेवा चालू राहण्याचे प्रमाण. ९९ टक्के ऐकायला उत्तम वाटते. पण वर्षाचे ३६५ दिवस. त्यातला एक टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद. त्यातला एक दिवस ३१ जुलै निघाला तर?

शिवाय ही टक्केवारी एका टप्प्याची असते. गाव ते तालुका, तालुका ते जिल्हा, जिल्हा ते राज्य असे पाच टप्पे ओळीने असतील आणि प्रत्येक टप्पा ९९ टक्के चालत असेल, तर शेवटपर्यंतची वाट चालू राहण्याचे प्रमाण उरते सुमारे ९५ टक्के. म्हणजे वर्षातून जवळपास १८ दिवस काम ठप्प. प्रत्येक टप्प्याचा ठेकेदार मात्र ‘आमचे ९९ टक्के आहे’ असे खरेच सांगत असतो.

आता उलट बाजू. एकाच टप्प्यावर ९९ टक्क्यांच्या दोन स्वतंत्र वाटा असतील तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. वर्षाचे साडेतीन दिवस खाली येतात ते सुमारे ५३ मिनिटांवर. तार तीच, उपकरणांचा दर्जाही तोच, फक्त वाटा दोन. मात्र या गणितात ‘स्वतंत्र’ हा शब्द कळीचा आहे.

गावांपर्यंतची रचना कशी आहे?

भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतींपर्यंत जाण्यासाठी ‘जीपॉन’ हे तंत्रज्ञान वापरले गेले. तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये मुख्य यंत्र असते. तिथून निघालेला एक तंतू पुढे स्प्लिटरमध्ये फाटे फुटून अनेक गावांना जातो. स्प्लिटर म्हणजे प्रकाश वाटून देणारा छोटा काचेचा भाग. त्याला वीज लागत नाही. शेताच्या बांधावरच्या जोडपेटीतही तो चालतो. शेतात एका मुख्य पाइपला फाटे काढून पाणी द्यावे तशी ही रचना. खर्च कमी आणि गती पुरेशी.

अडचण त्या मुख्य पाइपची. तो वरच्या बाजूला फुटला की खालचे सगळे फाटे कोरडे. एका ओळीत सहा गावे असतील आणि पहिल्या-दुसऱ्या गावाच्या मध्ये केबल तुटली, तर एका तुटीत पाच गावे बंद होतात. ज्या गावांत काहीच बिघाड नाही, तिथला सेवा केंद्रचालक राउटर बंद-चालू करत बसतो.

हा धडा सरकारनेही घेतला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातील मुख्य बदल गतीचा नसून आकाराचा आहे. सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या, गावपातळीवर राउटर बसवायचे आणि ग्रामपंचायत मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडणी द्यायची, असे त्याचे स्वरूप आहे. उभारणी करणाऱ्या संस्थेवरच दहा वर्षे देखभालीची जबाबदारी आणि सेवेच्या दर्जाची अटही आहे. एक हजारांहून अधिक ग्रामपंचायती असलेल्या बीडसाठी हा बदल कागदावरून चरापर्यंत कसा उतरतो, हे महत्त्वाचे ठरेल.

रिंग असूनही नेट का जाते?

नकाशावर गोल दिसणारी रिंग जमिनीत खरोखर गोल असेलच असे नाही. जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही तारा एकाच रस्त्याच्या एकाच चरात टाकल्या तर खोदकाम वाचते. पण जेसीबीचा एक फटका दोन्ही तारा तोडतो. पुलावर तर हे हमखास घडते, कारण नदी ओलांडायला जागा तेवढीच. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गासारख्या रस्त्याच्या कडेने अनेक कंपन्यांच्या केबल शेजारी शेजारी जातात. दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या, हा समज म्हणून धोक्याचा आहे. बिले दोन येतात, चर एकच असतो.

मोबाइलचेही तसेच. केंद्रात फायबर आणि पर्याय म्हणून ४जी सिम ठेवले. पण त्या टॉवरची स्वतःची माहिती पुढे नेणारी तार कुठून जाते? ती त्याच तुटलेल्या फायबरवर असेल तर फोनवर रेंजच्या चार कांड्या दिसतात आणि पान उघडत नाही.

तिसरे कारण विजेचे. फायबर तुटलेले नसते, पण ग्रामपंचायत कार्यालयाला कुलूप असते, आतला बोर्ड बंद असतो किंवा बॅटरी संपलेली असते. रिंगमधील एका गावाचे राउटर बंद पडले तर ती रिंगमधली एक तूटच. दुसऱ्या गावातही तेच घडले तर त्या दोघांच्या मधली सगळी गावे तुटतात. म्हणजे रिंगमध्ये आल्यावर आपल्या गावाची वीज हा शेजारच्या गावाचाही प्रश्न होतो.

चौथे कारण हद्दीचे. आष्टीहून बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ आहे. अंबाजोगाईहून बीडपेक्षा लातूर जवळ आहे. पण सरकारी नेटवर्कची उतरंड जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे आखलेली असते, त्यामुळे माहिती आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. अशा कडेच्या तालुक्यांना शेजारच्या जिल्ह्यातून दुसरी वाट दिली तर बीडचे केंद्र बंद पडूनही ते चालू राहू शकतात. तारेला जिल्ह्याची हद्द कळत नाही. ती आखणाऱ्याला कळते.

पतसंस्था, रुग्णालय, कारखाना : कोणासाठी काय?

अनेक शाखा असलेल्या संस्थांपुढे आज साधारण पाच पर्याय असतात.

लीज्ड लाइन : दोन ठिकाणांमध्ये ठरलेल्या वेगाची राखीव जोडणी. वेग इतरांशी वाटून घ्यावा लागत नाही. दुरुस्तीची मुदत करारात लिहिलेली असते. म्हणूनच ती महाग असते.

एमपीएलएस : टपालाच्या थैलीला बाहेरून चिठ्ठी लावली की वाटेतले कोणतेही कार्यालय आतली पत्रे वाचत बसत नाही, चिठ्ठी पाहून थैली पुढे पाठवते. कंपनीच्या नेटवर्कमध्ये माहितीच्या प्रत्येक तुकड्याला अशीच चिठ्ठी लावली जाते. शाखा आपापसांत जोडल्या जातात, इतर ग्राहकांची वाहतूक वेगळी ठेवली जाते आणि पैशांच्या व्यवहाराला व्हिडिओपेक्षा आधी वाट देता येते. बँकांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे.

ब्रॉडबँडवर व्हीपीएन : साधे इंटरनेट घ्यायचे आणि त्यातून कुलूपबंद बोगदा काढायचा. स्वस्त आणि सुरक्षित. पण वेगाची हमी नाही, कारण खालचा रस्ता सार्वजनिक आहे.

एसडी-वॅन : शाखेत एक यंत्र बसवायचे आणि त्याला फायबर, दुसऱ्या कंपनीचे ब्रॉडबँड आणि ४जी किंवा ५जी अशा सगळ्या जोडण्या द्यायच्या. प्रत्येक वाटेवर किती उशीर होतो, किती माहिती गळते, हे यंत्र सतत मोजते आणि त्यानुसार वाट बदलते. हातात असलेल्या साध्या जोडण्यांतून भरवसा उभा करण्याची ही युक्ती. मात्र वाटा मुळात स्वतंत्र नसतील तर यंत्रही काही करू शकत नाही.

उपग्रह : डोंगरातील वाडी, पुरात तुटलेले गाव किंवा शेवटचा पर्याय म्हणून. त्याची वाट जमिनीवरून जात नाही, हाच त्याचा मोठा गुण. जेसीबी तिथे पोहोचत नाही.

निवड गरजेवर ठरते. दिवसाला पन्नास व्यवहार करणाऱ्या पतसंस्थेच्या शाखेला १०० एमबीपीएसची एक लाइन घेण्यापेक्षा २० एमबीपीएसच्या दोन वेगळ्या लाइन अधिक उपयोगी ठरतात. एका व्यवहाराला लागणारी माहिती थोडीच असते, पण ती त्याच क्षणी जावी लागते. रुग्णालयाचे गणित वेगळे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयाकडे तालुक्यातून सीटी स्कॅन पाठवायचा असेल तर वेगही हवा आणि खंडही नको. ‘ई-संजीवनी’सारख्या दूरस्थ सल्ल्यात डॉक्टरांचा आवाज अडखळत आला तर औषधाचे नावही चुकीचे ऐकू येऊ शकते.

तुटलेली तार सापडते कशी?

फायबरमधील काचेचा तंतू केसाइतका बारीक. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो साधारण नऊ मायक्रॉनचा. जमिनीखाली नेमका कुठे तुटला हे शोधायला ‘ओटीडीआर’ नावाचे यंत्र वापरतात. ते तंतूत प्रकाशाचा झोत सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून तुटीचे अंतर काढते. विहिरीत हाक मारून पडसादावरून खोली ओळखावी तसे. अंतर कळले की पथक तिथे जाते, दोन्ही टोके स्वच्छ करते आणि वितळवून जोडते. प्रत्यक्ष जोडकाम फार वेळ खात नाही. वेळ जातो तो तक्रार पुढे सरकण्यात, पथक पोहोचण्यात आणि केबल नेमकी कुठून गेली आहे याची नोंद शोधण्यात.

खोदण्याआधीच केबलच्या मालकाला कळवता यावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने जागा नोंदवायची आणि त्या जागेखाली ज्यांच्या केबल वा वाहिन्या आहेत त्यांना सूचना जायची, अशी ही सोय. पाण्याची पाइपलाइन असो की रस्त्याचे रुंदीकरण, गावातल्या जेसीबीचालकाला आणि ठेकेदाराला हे अ‍ॅप माहीत असणे हीच सर्वांत स्वस्त दुरुस्ती.

‘सर्व्हर डाऊन’ची शहानिशा कशी कराल?

• आधी मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडून पाहा. मोबाइलवर उघडले आणि केंद्रात उघडत नसेल तर बिघाड केंद्राच्या जोडणीत आहे.

• मोबाइलवरही ते उघडत नसेल, पण दुसरी संकेतस्थळे उघडत असतील, तर अडचण बहुधा त्या संकेतस्थळाच्या बाजूला आहे. तेव्हा सर्व्हर डाऊन हे शब्द बरोबर ठरतात.

• काहीच उघडत नसेल आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे फोनही चालत नसतील तर गावाबाहेरची सामाईक वाट तुटल्याची शक्यता अधिक.

• फायबरच्या यंत्रावर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येतच नाही. केबल तुटली आहे, वाकली आहे किंवा निघाली आहे. राउटर बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी लागेल.

• दिवेच लागत नसतील तर प्रश्न विजेचा आहे.

• तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मुदत चुकल्यावर दाद मागताना ‘नेट नव्हते’ या तोंडी सांगण्यापेक्षा ही नोंद कामाला येते.

ग्रामसभेत कोणते प्रश्न विचारावेत?

गावात फायबर आले का, हा प्रश्न आता पुरेसा नाही. आपले गाव ओळीत आहे की रिंगमध्ये? रिंगमध्ये असेल तर दोन्ही तारा वेगळ्या रस्त्यांनी येतात का? यंत्राला वीज गेल्यावर किती तास बॅटरी पुरते आणि ती शेवटची कधी बदलली? कार्यालयाला कुलूप असताना यंत्रापर्यंत कोण पोहोचू शकते? तार तुटली तर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची आणि मुदत किती? गेल्या वर्षभरात जोडणी एकूण किती तास बंद होती, याची नोंद कोणाकडे आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा आणि सर्वांत महत्त्वाचा. गावात आलेली केबल, बसवलेले यंत्र आणि चालू असलेली सेवा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन मोजून अहवालात लिहिता येतात. तिसरी मोजायला वही लागते : कधी गेले, कधी आले, का गेले. अशी वही गावागावांत असेल तर रिंग कुठे खरी आहे आणि कुठे फक्त नकाशावर, हे सांगायला अभियंत्याची गरज पडणार नाही.